आपल्या गाडीचे पुढचे ब्रेक : काय बिघडले होते आणि काय बदलले





गेल्या तिमाहीच्या जमाखर्चात ‘वाहन दुरुस्ती’ या ओळीवर अनेकांची नजर थांबली. धान्य, औषधे आणि वसतिगृहासाठी दिलेल्या देणगीतून एका जुन्या गाडीवर एवढा खर्च कशासाठी, असे दोन-तीन मंडळ्यांमधून विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. गाडीची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे उत्तरही मीच लिहावे, असे समितीने सांगितले.

थोडक्यात सांगायचे तर पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक कॅलिपर, त्यांचे रबरी होस पाईप, पॅड आणि गाडीतले सगळे ब्रेक ऑइल आम्ही बदलले. हे का करावे लागले हे समजण्यासाठी आधी ऑगस्टमधली एक दुपार सांगावी लागेल.

घाटात काय झाले

आपले केंद्र अंजनगाव सुर्जीला, सपाटीवर आहे. ज्यांच्यासाठी काम चालते ती कोरकू कुटुंबे वर मेळघाटात, गाविलगडच्या डोंगररांगांत राहतात. आपली डबल केबिनची पिकअप दर आठवड्याला धान्य, औषधे, वह्या-पुस्तके घेऊन वर जाते. उतरताना बहुतेक वेळा केबिनमध्ये कोणी ना कोणी रुग्ण असतो.

त्या दिवशी चिखलदरा तालुक्यातल्या एका ढाण्यावरून दिवस भरलेली एक बाई, तिची सासू आणि आशाताई यांना घेऊन गाडी अचलपूरच्या रुग्णालयाकडे निघाली होती. मी पुढे ड्रायव्हर भाऊंच्या शेजारी बसलो होतो. पाऊस भुरभुर चालू होता. चिखलदऱ्याहून धामणगाव गढीकडे उतरणारा घाट अर्धा झाला असेल, तेव्हा जळका वास येऊ लागला. पुढच्या वळणावर भाऊंनी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले, ओल्या मातीत पाय रुतावा तसे. त्यांनी दोन-तीनदा पंप मारला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, मग पहिल्या, आणि डोंगराच्या बाजूला घेऊन हँडब्रेकने थांबवली.

डाव्या पुढच्या चाकातून धूर येत होता. मी नाल्याचे पाणी आणायला डबा उचलला, तेव्हा भाऊंनी मला थांबवले. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले की डिस्क वाकते किंवा तिला तडा जातो. आम्ही पाऊण तास थांबलो. चाक निवल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागले. उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने उतरलो. त्या पाऊण तासात ती माउली मागच्या सीटवर सासूचा हात धरून, एक शब्द न बोलता बसली होती. आम्ही वेळेत पोचलो. पहाटे मुलगी झाली, दोघीही सुखरूप आहेत. देवाची स्तुती असो.

आता जे सांगायचे ते माझ्याविषयी आहे. डावे चाक जास्त तापते, हे भाऊंनी उन्हाळ्यातच मला सांगितले होते. मी फक्त ब्रेक पॅड बदलून घेतले आणि पैसे वाचवल्याचे समाधान मानले. दोष पॅडमध्ये नव्हताच.

ब्रेक लागतो कसा आणि सुटतो कसा

आपल्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी चकती, म्हणजे डिस्क, फिरते. तिच्यावर चिमट्यासारखा बसलेला भाग म्हणजे कॅलिपर. कॅलिपरमध्ये पिस्टन असतो. तो पुढे सरकला की दोन बाजूंचे पॅड डिस्कला आवळतात आणि चाक थांबते.

पिस्टनला पुढे ढकलते ते ब्रेक ऑइल. वसतिगृहातल्या मुलांना मी हे सुया नसलेल्या दोन सिरिंज नळीने जोडून, पाणी भरून दाखवले. एका टोकाला दट्ट्या दाबला की दुसऱ्या टोकाचा बाहेर येतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. पण नळीत हवेचा एक बुडबुडा राहू दिला, तर दट्ट्या आत जातो आणि पलीकडचा नीट हलत नाही, कारण जोर बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. घाटात पेडल मऊ झाले ते अशाच कारणाने. हा बुडबुडा आला कुठून, ते पुढे सांगतो.

पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून ऑइल लोखंडी नळीतून येते. पण पुढची चाके वळतात, खड्ड्यात वर-खाली होतात, म्हणून शेवटच्या हातभर अंतरात लोखंडाऐवजी रबरी होस पाईप असतो.

पाय उचलल्यावर पिस्टन मागे घ्यायला वेगळी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी कडेचे एक रबरी कडे असते. ब्रेक दाबताना ते किंचित पिळते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढ्या फटीवर चाक मोकळे फिरते. म्हणजे ब्रेक सुटण्यासाठी दोन गोष्टी हव्यात : ऑइलला परतीची वाट आणि गुळगुळीत पिस्टन. आपल्या गाडीत दोन्ही बिघडल्या होत्या.

दोष कसा सापडला

अंजनगावच्या मिस्त्रींनी पुढची दोन्ही चाके उचलली, मला ब्रेक दाबून सोडायला सांगितले आणि हाताने चाके फिरवून पाहिली. उजवे फिरले. डावे जागचे हलेना. “भाऊ, हे चाक धरते तं बरोबर, पण सोडत नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी होस पाईप जिथे लोखंडी नळीला जोडलेला असतो, तो जोड सैल केला. चाक तरीही अडकलेलेच. पुढे कॅलिपरवरचा एअर निपल अर्धा आटा सैल करताच ऑइलची बारीक पिचकारी उडाली आणि चाक थोडे सुटले. म्हणजे ऑइल होस पाईपच्या पुढे कोंडले होते. बाहेरून पाईप बरा दिसत होता. नंतर कापून पाहिला तेव्हा आतले रबर फुगून त्याचा एक पदर सुटलेला दिसला. पायाच्या जोराने ऑइल त्या पदराला बाजूला सारून पुढे जाई. परत येताना मात्र तोच पदर दारासारखा लागून वाट बंद करी. म्हणजे ब्रेक दाबला तेव्हा लागत होता आणि सोडल्यावरही लागलेलाच राहत होता.

दाब सोडल्यावरही पिस्टन हाताने मागे जाईना. त्याचे धुळीपासून रक्षण करणारे रबर फाटले होते. पावसाळ्यातले ओढे, चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ यांनी आत गंज धरला होता. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांचे ग्रीसही वाळून गेले होते. म्हणून आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा, अशी स्थिती होती.

घाट, उष्णता आणि ब्रेक ऑइल

गाडी थांबवताना तिचा वेग उष्णतेत बदलतो. घाटात तर गाडी जितकी उंची उतरते, तितकी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे आणि तिथून पायथ्याला येताना आपण ७०० मीटरच्या आसपास खाली येतो. अडीच टन वजनाची भरलेली गाडी तेवढे उतरताना जी शक्ती मोकळी होते, तिच्यावर पन्नास लिटर गार पाणी उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरलो तर तिचा मोठा भाग इंजिन पेलते. तसे नाही केले तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात एक चाक आधीच घासत असेल, तर ते चाक भट्टी होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या, कोरड्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ प्रतीसाठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आपल्या गाडीतले ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते. शेवटचे कधी बदलले, याची नोंद माझ्या वहीत नव्हती.

आता सगळा प्रकार ओळीने लागतो. होस पाईप आतून बंद झाला, म्हणून चाक घासत राहिले. घासल्याने तापले. तापल्याने कॅलिपरमधले ओलसर ऑइल उकळले. उकळल्याने वाफेचे बुडबुडे झाले आणि पेडल खाली गेले. चाक निवल्यावर वाफेचा पुन्हा द्रव झाला, म्हणून ब्रेक परत आला. ‘आता लागतोय, म्हणजे ठीक आहे’ असे त्या क्षणी वाटते, आणि तेच सर्वांत धोक्याचे असते.

दोन्ही बाजू का बदलल्या

समितीतही हा प्रश्न आला : बिघडले डावे, मग उजवे कशाला? एक चाक जोराने धरू लागले आणि दुसरे सैल असले, तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला खेचली जाते. ओल्या घाटात, एका बाजूला दरी असताना, हे परवडत नाही. शिवाय दोन्ही होस पाईप एकाच वयाचे. डावा गेला, तर उजव्याचे किती दिवस राहिले होते? उजव्या पाईपवरही वाकवल्यावर बारीक चिरा दिसत होत्या.

नवीन कॅलिपर न घेता जुन्यात नवे रबरी कडे घालून काम भागते का, हेही पाहिले. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर भागते. आपल्या कॅलिपरमध्ये गंजाने खड्डे पडले होते. त्यावर नवे रबर बसवले असते तर ऑइल गळले असते. डिस्क मात्र वाचल्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजल्यावर दोन्ही तिच्या वर निघाल्या, सरळही होत्या, म्हणून त्या ठेवल्या.

काम कसे झाले

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना दगडांची ओट लावली. पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली मिस्त्री हात घालत नाहीत आणि कोणीही घालू नये. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने न उडवता ओल्या फडक्याने पुसली, कारण जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते.

लोखंडी नळीचा नट गंजून बसला होता. त्याच्यावर गंज सोडवणारे तेल मारून आम्ही चहा पिऊन आलो आणि मग नटाच्या बरोबर मापाच्या पान्याने तो सोडवला. घाईने साधा पाना लावला असता तर नटाचे कोपरे गेले असते आणि नळीही बदलावी लागली असती. जुना कॅलिपर सुटल्यावर तो होस पाईपवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवला.

नवा कॅलिपर बसवताना सरकत्या पिना साफ करून ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावले. साधे ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगते. होस पाईप जिथे कॅलिपरला जोडतो, तिथे बोल्टच्या डोक्याखाली एक आणि पाईपखाली एक, असे तांब्याचे दोन वायसर असतात. तांबे मऊ असल्याने एकदाच दबून घट्ट बसते, म्हणून वायसर नेहमी नवे घ्यायचे. पाईपला पीळ पडलेला नसावा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो कुठे ताणला जात नाही, टायरला घासत नाही, हे मी स्वतः वाकून पाहिले.

पुढचे काम म्हणजे नळ्यांतली हवा काढणे. एक जण केबिनमध्ये बसतो, दुसरा चाकाशी. ‘दाबा’ म्हटले की पेडल दाबून धरायचे, निपल उघडायचा, हवा आणि जुने ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत येते, निपल बंद करायचा, मगच ‘सोडा’. क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्याकडे : आपल्या गाडीत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. मास्टर सिलिंडरवरच्या टाकीतले ऑइल मध्येच संपू द्यायचे नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून.

आम्हाला ते पहिल्यापासून करावेच लागले, पण वेगळ्या कारणाने. अर्धा लिटर ऑइल गेले तरी पेडल मऊच. शेवटी मिस्त्री खाली बसून पाहत राहिले आणि हसले. सामान काढून देताना मी डावा-उजवा कॅलिपर उलटा दिला होता. दोन्ही बाजूंचे कॅलिपर अदलाबदल करूनही बसतात, पण मग एअर निपल वर राहण्याऐवजी खाली येतो. हवा तर नेहमी वर जमते. खालच्या निपलातून कितीही ऑइल काढले तरी वरचा बुडबुडा तिथेच. कॅलिपर बदलून लावले, निपल वर आला, आणि थोड्याच वेळात पेडल दगडासारखे घट्ट झाले. बाटलीतले ऑइल परत न वापरता वेगळे ठेवले.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल पुन्हा पुन्हा दाबून पॅड डिस्कला टेकवून घेतले. असे न केल्यास पहिला ब्रेक रिकामा जातो. ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरला आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून गळती तपासली. नंतर रिकाम्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा हळूहळू वेग कमी केला, मध्ये चाके निवू दिली. त्याने नवे पॅड डिस्कवर नीट बसतात. दुसऱ्या दिवशी चाकांचे नट पुन्हा आवळले. मगच गाडी घाटात नेली, आधी रिकामी.

आता आम्ही काय पाळतो

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे : धाब्याला कठडा बांध, म्हणजे वरून कोणी पडून त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. कठड्याने घर मोठे होत नाही आणि पाहुण्याला तो दाखवण्यासारखाही नसतो. पण तो नसल्याचे कोणी पडल्यावरच कळते. ब्रेकवरचा खर्च मी त्याच कठड्याचा खर्च समजतो. तो मी एकदा पुढे ढकलला, आणि त्याची किंमत मागच्या सीटवरच्या त्या माउलीला मोजावी लागली असती.

म्हणून आता गाडीत एक वही आहे. ड्रायव्हर भाऊ जे सांगतील ते त्याच दिवशी तिच्यात लिहिले जाते आणि त्यापुढे काय केले याखाली माझी सही असते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे, सीलबंद डब्यातलेच घ्यायचे आणि उघडा डबा पावसाळ्यात ठेवायचा नाही. प्रत्येक पावसाळ्याआधी व नंतर होस पाईप आणि सरकत्या पिना पाहायच्या. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, आणि न्यूट्रलमध्ये कधीच उतरायचे नाही.

आपल्यापैकी पुष्कळांकडे जुन्या गाड्या आहेत. तुम्हीही तीन गोष्टी पाहा. प्रवासानंतर तळहात चाकांजवळ धरा, टेकवू नका. एक चाक जोडीच्या चाकापेक्षा फार तापले असेल तर मिस्त्रींना दाखवा. होस पाईपवर चिरा किंवा फुगवटा आहे का, पाहा. आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे स्वतःला विचारा. तारीख आठवत नसेल तर बदलण्याची वेळ झाली आहे.

सर्व पावत्या केंद्राच्या कार्यालयात आहेत. कापलेला तो होस पाईपही तिथेच टेबलावर ठेवला आहे. आलात तर जरूर पाहा.

प्रार्थनेचे विषय

• ड्रायव्हर भाऊंसाठी उपकारस्तुती करा. त्यांच्या शांतपणामुळे त्या दिवशी सर्व जण सुखरूप उतरले.

• ऑगस्टमध्ये जन्मलेल्या त्या मुलीसाठी, तिच्या आईसाठी आणि ढाण्यांवर पायी फिरणाऱ्या आशाताईंसाठी प्रार्थना करा.

• येत्या हिवाळ्यात घोंगड्या आणि धान्य घेऊन होणाऱ्या फेऱ्यांसाठी प्रार्थना करा.

• लहान तक्रार वेळेवर ऐकण्याची बुद्धी प्रभूने आम्हा कामकऱ्यांना द्यावी, अशी विनंती करा.



प्रभूच्या सेवेत,
आपला बंधू,
वाहन व भांडार विभाग, अंजनगाव सुर्जी